आजाराचं नाव सांगायचं नाही

मीनू उंबरठ्याशी बसून चिंचोके मांडत होती आणि आप्पा दवाखान्याच्या खोलीतून घरात येत होते. भर दुपार, दार सताड उघडं, लख्ख उजेड. मी समोरच तांदूळ निवडत होते, म्हणून सगळं पाहिलं. आप्पा नीट समोर बघत चालत आले आणि सरळ पोरीवर येऊन आदळले. हात भिंतीला टेकले म्हणून ते सावरले; मीनू मात्र कलंडली आणि तिचं कपाळ चौकटीवर आपटलं.

“उंबऱ्यात कशाला बसवलीस हिला?” आप्पा माझ्यावर चिडले. ते सहसा चिडत नसत.

“मी नाही बसवली, आप्पा. ती मघापासून तिथंच आहे.”

“मग मला दिसली कशी नाही?”

हे त्यांनी मला विचारलं की स्वतःला, ते कळलं नाही. स्वयंपाकघरातून माई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओला पंचा घेऊन आल्या. नातीच्या कपाळावर तो दाबत म्हणाल्या, “निम्मी बार्शी तुमच्याकडून डोळ्यांचं औषध घेऊन जाते. थोडं स्वतःलाही घ्या.”

“घेतोय की. मोतीबिंदू धरलाय डोळ्यांत. पिकला की काढायचा.”

“पिकतोय, पिकतोय. आढीतला आंबासुद्धा इतका वेळ घेत नाही.”

आप्पांनी मीनूला उचलून घेतलं आणि तिचं रडू थांबेपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. ती हुंदके देत होती आणि ते पुन्हा पुन्हा उंबरठ्याकडे बघत होते.

आता मीनूच्याच डोक्यात पांढरे केस आलेत, त्यावरून हे किती जुनं ते समजा.

माझे सासरे दामोदर बगाडे बार्शीत होमिओपॅथीचे डॉक्टर होते. घराणं मूळ शिंप्याचं. थोरल्या भावानं मशीन चालवलं आणि आप्पांना पुण्याला शिकायला पाठवलं. घराची पुढची खोली हाच दवाखाना. एक टेबल, दोन खुर्च्या, डाव्या भिंतीला लागून बाक आणि काचेच्या कपाटात बुचांच्या बाटल्यांच्या रांगा. लग्न होऊन आल्यावर पुड्या बांधायचं काम माझ्याकडे आलं. चौकोनी कागदावर साखरेच्या गोळ्या घ्यायच्या, आप्पा सांगतील त्या बाटलीतले थेंब त्यावर सोडायचे आणि घडी घालायची. गोळीला बोट लागलेलं त्यांना खपत नसे.

बार्शीचा उन्हाळा म्हणजे झळा आणि धूळ, त्यात गिरणीच्या कापसाचा फुफाटा. डोळे आलेली, रांजणवाडी झालेली, डोळ्यांतून सारखं पाणी गळणारी माणसं बाकावर ओळीनं बसायची. आप्पा कुणाला पल्सेटिला देत, कुणाला युफ्रेशिया, आणि सगळ्यांना एकच सांगत, “कांदा बंद, कॉफी बंद, मळक्या पदरानं डोळा पुसणं बंद. बरं वाटलं तर गोळीला श्रेय द्या, नाही वाटलं तर मला शिव्या द्या. गोळी बिचारी गोडच आहे.”

पण त्यांची खरी ख्याती होती ती प्रश्नांसाठी. नातेवाइकांना बाहेर काढायचं, पेशंटला समोर बसवायचं आणि विचारत सुटायचं. कुठल्या कुशीवर झोपता, पावसाळी हवेत दुखतं की उन्हात, घरात आधी कुणाला असं होतं. आणि पहिला नियम म्हणजे आजाराचं नाव सांगायचं नाही.

“डॉक्टर, मला पित्त झालंया.”

“हे कुणी ठरवलं?”

“शेजारच्या गंगूबाईनं.”

“मग औषधपण तिच्याकडूनच घ्या. मला नाव नको. काय होतं ते सांगा.”

माणसं ओशाळायची, हसायची आणि मग पहिल्यापासून नीट सांगायला लागायची. मी एकदा आप्पांना विचारलं होतं, नाव सांगितलं तर बिघडतं काय? ते म्हणाले, “नाव कळलं की पेशंट त्या नावात बसेल तेवढंच सांगतो. उरलेलं घरी घेऊन जातो.”

त्यांच्या स्वतःच्या आजाराला मात्र नाव मिळालेलं होतं. काही वर्षांपूर्वी गावात डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. तिथं माणसांची ही गर्दी. तपासणाऱ्या डॉक्टरनं आप्पांच्या डोळ्यांत बॅटरी मारून एका दमात सांगितलं, “मोतीबिंदू धरायला लागलाय. पिकला की या.” त्या काळी रीतच तशी होती. कच्चा मोतीबिंदू कुणी काढत नसे. घरोघरी कुणी ना कुणी म्हातारं माणूस मोतीबिंदू पिकायची वाट बघत ओटीवर बसलेलं असायचं. आप्पाही वाट बघत राहिले आणि आपल्या कपाटातले सिनेरारियाचे थेंब डोळ्यांत घालत राहिले.

मला कोडं पडायचं ते वेगळंच. बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं आप्पा चष्मा लावून घडाघडा वाचायचे. पेपरातली निधनवार्ता सगळ्यांत आधी तेच सांगायचे. आणि त्याच माणसाला शेजारी उभं राहिलेलं माणूस दिसायचं नाही.

मीनू पडली त्याच आठवड्यात सोपानराव ढगे येऊन गेले. आप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. येऊन बाकावर बसले, नुसते हात जोडले. आप्पांनी समोरचा पेशंट उरकला, मग दुसरा, मग तिसरा, आणि कपाट बंद करायला उठले.

“दामू,” सोपानराव म्हणाले, “बाकावर बसून आम्ही बाकच झालो काय रे?”

आप्पा दचकले. “सोपान? तू कधी आलास?”

“कधी आलो? तुझ्या डोळ्यांदेखत आलो. परवा पेठेतसुद्धा हात केला तर तोंड फिरवून गेलास. मोठा झालास बाबा. आम्ही आपले हमालपंचे नेसणारे.”

“अरे, खरंच दिसला नाहीस.”

“मुंगीएवढी अक्षरं दिसत्यात आन् मी नाही दिसत? माझं अंग बघ, माझं पोट बघ.” सोपानराव हसत हसत बोलले, पण औषध न घेताच निघून गेले. डॉक्टरला गर्व झालाय हे गावात आधीपासून कुजबुजत होतंच. आता ते त्यांच्या दोस्ताच्या तोंडून दारावर येऊन गेलं.

रात्री मी ह्यांना म्हटलं, आप्पांचं काहीतरी बिनसलंय. हे तेव्हा एसटी डेपोत नोकरीला होते. म्हणाले, “वय झालंय त्यांचं. माणूस विसरतो, धडपडतो. तू उगाच डोक्यात घेऊ नकोस.”

मी डोक्यात घेतलं नाही, पण मीनूला आप्पांपाशी एकटं सोडणं बंद केलं. दुपारी ते हाक मारायचे, “हेमा, मीनूला दे जरा इकडे,” की मी म्हणायची, तिला न्हाऊ घालायचंय. तिला झोपवायचंय. एकदा असंच म्हटलं आणि आतून तिच्या खिदळण्याचा आवाज आला.

आप्पा दवाखान्यात एकटेच बसले होते. पेशंटांची वेळ संपली होती. “कालपण न्हाऊच घालत होतीस,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, हळूच, “मी तिला मुद्दाम पाडलं नव्हतं गं.”

मी पुड्यांचे कागद बाजूला सारले, टेबलाला वळसा घातला आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

“आप्पा, उठा. त्या खुर्चीत बसा.”

“कुठल्या?”

“पेशंटच्या. मी तुमच्या खुर्चीत बसते.”

त्यांना गंमत वाटली. उठले आणि खुर्च्या बदलल्या. “विचारा, डॉक्टरीणबाई. पण तुमच्या सासूबाईंना बाहेर ठेवा. नातेवाईक चालत नाहीत.”

“त्या झोपल्यात.”

“मग ठीक. तर मला मोतीबिंदू…”

“नाव नको. काय होतं ते सांगा.”

ते हसले. मग त्यांचं हसू विरलं. हात मांडीवर ठेवून ते थोडा वेळ गप्प बसले. पेशंट असे गप्प बसले की आप्पा कधी घाई करायचे नाहीत, म्हणून मीही केली नाही.

“काय होतं,” ते म्हणाले. “दिसत नाही म्हणावं, तर सगळं दिसतं. पेपर वाचतो. सुईत दोरा ओवून देतो तुझ्या सासूला.”

“मग काय दिसत नाही?”

“मीनू दिसली नाही. सोपान दिसला नाही. आणि…” ते थांबले. “ताटातली चटणी. तुझी सासू म्हणते, हल्ली चटणी-कोशिंबीर तशीच टाकता, काय खोड काढायची ती काढा एकदा. मला वाटायचं ती डावीकडचं वाढतच नाही. वय झालं, विसरते बिचारी. मी बोललो नाही.”

“कधीपासून?”

“ते सांगता येणार नाही. एका दिवसात झालं असतं तर कळलं असतं.”

“दुखतं?”

“नाही. संध्याकाळी भुवईवर जड होतं. ते मी चष्म्यावर ढकललं.”

आप्पांचे प्रश्न मला पाठ होते, पण पुढचं मी काय केलं ते त्यांच्या प्रश्नांत नव्हतं. मी म्हटलं, “माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. काय काय दिसतं?”

“नाक. चमकी. कुंकू. ओठ.”

मी दोन्ही हात खांद्यापाशी वर धरले. एकात बाटली होती, एकात बूच. “आणि माझ्या हातांत?”

“बाटली आहे एका हातात. दुसरा हात कुठंय?”

“वर आहे, आप्पा. बाटलीच्याच उंचीवर.”

ते नाकाकडेच बघत राहिले. मग त्यांनी आपला डावा हात उचलला आणि तळवा डाव्या डोळ्यावर ठेवला. “हे बघ, झाकला,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “काही फरक नाही. झाकला तरी तेवढंच दिसतं.”

आणि मग त्यांनी हात बदलला. उजवा डोळा झाकला.

मी वाट पाहिली. बाहेर रस्त्यावरून कल्हईवाला ओरडत गेला. आप्पांचा हात डोळ्यावर तसाच.

“आप्पा?”

“वरच्या कोपऱ्यात उजेड आहे. खिडकी असेल ती.” त्यांचा आवाज अगदी साधा होता. “तू नाहीस. टेबल नाही. उजवा डोळा दोघांचं काम करत होता, हेमा, आणि मला पत्ता नाही.”

त्यांनी हात खाली घेतला. “एक प्रश्न राहिला तुझा.”

“कोणता?”

“मी कुणालाही तो विचारल्याशिवाय सोडतो का?”

मग मला आठवलं. “घरात आधी कुणाला होतं?”

“आईला,” ते म्हणाले. “पन्नाशीतच गेले डोळे तिचे. वडील म्हणायचे मोतीबिंदू. मी शिकून आलो, मीपण मोतीबिंदूच म्हणत राहिलो. रोज तिच्या डोळ्यांत थेंब घालायचो. रोज जवळून बघायचो.” ते थांबले. “पिकलेला मोतीबिंदू पांढरा दिसतो. लांबूनसुद्धा दिसतो. आईचे डोळे शेवटपर्यंत काळेभोर होते. पांढरं काही नव्हतंच त्यात. पिकणार काय होतं?”

“मग काय होतं ते?”

“काचबिंदू,” आप्पा म्हणाले. नाव त्यांनीच घेतलं.

ते उठले आणि कपाटापाशी गेले. बाटल्यांवरून बोट फिरवायला लागले, जणू शब्द लावून वाचतायत. मी उभी राहिले. मला वाटलं होतं आता ते म्हणतील, चला मिरजेला. मिरजेला डोळ्यांचा मोठा दवाखाना होता, हे सगळ्या मुलखाला माहीत होतं.

“फॉस्फरस बसतं यात,” ते म्हणाले. “लक्षणं जुळतात. महिनाभर घेऊन बघतो.”

“आप्पा, मिरजेला दाखवू या.”

“बगाडे डॉक्टर डोळे दाखवायला मिरजेला गेला म्हटल्यावर उद्यापासून या बाकावर कोण बसेल?”

“बाकावर कोण बसलंय ते तुम्हाला आत्ता तरी कुठं दिसतंय?”

हे मी बोलले नव्हते. माई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. “नातेवाईक बाहेर म्हणालात, म्हणून बाहेर उभं राहूनच ऐकलं,” त्या म्हणाल्या.

आप्पा त्यांच्याकडे वळले. त्यासाठी त्यांना अख्खी मान फिरवावी लागली, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

माई आत आल्या आणि बाकावर बसल्या. त्यांच्या आवाजात नेहमीचा टोमणा नव्हता. “तुमच्या आईला परसात न्यायचं, न्हाऊ घालायचं, घास भरवायचा, सगळं मी केलं. पोर होते मी तेव्हा. त्या मला विचारायच्या, दामू काय म्हणतो गं डोळ्यांचं? मी सांगायची, पिकतोय म्हणतात. तर म्हणायच्या, पिकू दे बाई, त्याला घाई नको करू. शेवटी शेवटी त्यांनी विचारायचं सोडून दिलं. भिंतीकडे तोंड करून बसायच्या. म्हणायच्या, उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं सांग.”

आप्पा बाटल्यांच्या कपाटाला धरून उभे होते.

“मला ते परत करायला लावू नका,” माई म्हणाल्या. “वेळ आली तर करीन. पण लावू नका.”

मग आप्पांनी कपाटाचं दार लावलं. “गळ्यात गाठ घेऊन कुणी आलं की मी त्याला सोलापूरला धाडतो,” ते म्हणाले. “तेव्हा नाही लक्षणं जुळवत बसत.” मग माझ्याकडे बघून, “मुरलीला सांग, डेपोत रजा टाक म्हणावं. आणि तूपण चल. केस तू घेतलीयेस.”

मीनूला माईंजवळ ठेवून आम्ही तिघं अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीनं मिरजेला गेलो. ती गाडी इतकी सावकाश जायची की वाटेत पोरं खाली उतरून, बोरं तोडून परत चढायची. आप्पा उजव्या खिडकीशी बसून बाहेर बघत होते. सगळं बघून घेत होते म्हणा ना.

दवाखान्यात डॉक्टर रणनवरे म्हणून बाई होत्या. जाड भिंगाचा चष्मा, आखूड बोलणं. आप्पांनी आधीच सांगून टाकलं, “मी होमिओपॅथ आहे.” मला वाटलं आता बाई काही लागेल असं बोलणार.

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. “म्हणजे पेशंटनं कसं सांगावं ते तुम्हाला कळत असेल. सांगा.”

आप्पांनी सांगितलं. चटणी, सोपानराव, मीनू, भुवई, झाकलेला डोळा, आई. नाव कुठंच घेतलं नाही. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“तुम्हाला ठाऊक आहे काय आहे ते,” बाई म्हणाल्या. “मग बोलला का नाहीत?”

“ते तुम्ही बोलायचं.”

बाईंनी त्यांना आडवं केलं, डोळा बधिर करायचे थेंब घातले आणि बुबुळावर एक इवलंसं यंत्र टेकवून आतला दाब मोजला. मग एका खोलीत नेलं. तिथं भिंतीवर मोठं काळं कापड ताणून बसवलेलं होतं, मधोमध एक पांढरा ठिपका. आप्पांना समोर बसवून एक डोळा झाकला. बाईंच्या हातात काळी काठी, तिच्या टोकाला पांढरा मणी. “ठिपक्यावरची नजर हलवायची नाही. मणी दिसला की हो म्हणा.”

मी आणि हे मागं बसलो होतो. बाई मणी डाव्या कडेनं आत आणायला लागल्या. मला तो कडेपासूनच दिसत होता. आत आला, आणखी आत आला. मला वाटत होतं, आता म्हणतील. आता म्हणतील. मणी ठिपक्याच्या अगदी शेजारी आला तेव्हा आप्पा म्हणाले, “हो.” हा चांगला डोळा. डाव्याच्या वेळी ते काही बोललेच नाहीत.

बाईंनी समजावून सांगितलं. डोळ्यातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि मागची शीर चेपत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. बाजूबाजूचं आधी जातं, समोरचं सगळ्यांत शेवटी, म्हणून अक्षरं दिसत राहतात आणि माणूस निर्धास्त राहतो. मोतीबिंदू काढला की नजर परत येते. यात गेलेली परत येत नाही. उजव्याचं एक ऑपरेशन पुढच्या महिन्यात करू, आणि थेंब जन्मभर, दिवसातून चार वेळा.

“उशीर केलात, डॉक्टर,” त्या म्हणाल्या.

“केला,” आप्पा म्हणाले. “माझ्या गोळ्यांचं काय?”

“सर्दीला घ्या हवं तर. या डोळ्याला माझेच थेंब. एक वेळ चुकवायची नाही.”

“कांदा, कॉफी?”

“खुशाल.”

“मग तुमची पॅथी चांगली आहे,” आप्पा म्हणाले, आणि बाई पहिल्यांदा हसल्या. मला मात्र हसू येईना. मी मनात घरी सांगायची वाक्यं जुळवत होते. एक डोळा गेला, माई. एक राहील.

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. “आईकडून आलंय म्हणालात. तुमच्या खाली कोण?”

“हा एकच मुलगा.”

“बसा,” बाई ह्यांना म्हणाल्या.

हे मागं वळून बघायला लागले, जणू आणखी कोणी मुलगा मागं उभा आहे. “मी? मला काय धाड भरलीय? डेपोच्या फाटकातून पार टोकाच्या गाडीची पाटी वाचतो मी.”

“तुमचे वडीलही बाटल्या वाचत होते. बसा.”

हे हसत हसत बसले. आप्पांना बाजूच्या खुर्चीत बसवलं होतं. तपासणीच्या थेंबांनी त्यांना सगळं धुरकट दिसत होतं, कापड नाही की मणी नाही. ते मान खाली घालून नुसतं ऐकत होते.

“हो,” हे म्हणाले. मणी कडेलाच होता. मग वरून आला, “हो.” खालून, “हो.” ह्यांच्या आवाजात शाळेत बरोबर उत्तरं देणाऱ्या पोराचा तोरा होता. दुसरा डोळा झाकला. परत, “हो.” परत, “हो.”

मग बाईंनी मणी तिरका, वरच्या कोपऱ्यातून आणला. तो कापडावर आला, पुढं सरकला, आणखी पुढं सरकला. खोलीत आवाज नाही. मी पदराचं टोक मुठीत धरलं. मणी मला इतक्या लांबून लखलखीत दिसत होता.

“मुरली,” आप्पा मान खालीच ठेवून म्हणाले, “बोल.”

“काय बोलू? मणी आलाच नाही अजून.”

बाईंची काठी थांबली. त्यांनी ती बाजूला घेतली आणि त्याच वाटेनं पुन्हा आणली. पुन्हा तेच. मग न बोलता ह्यांना आडवं करून त्यांनी दाब मोजला. हे आता हसत नव्हते.

“दाब वाढलाय,” बाई म्हणाल्या. “एका डोळ्यातला थोडा कोपरा गेलाय. बाकी शाबूत आहे. थेंब घातले तर तसंच राहील.”

“आणि आज बघितलं नसतं तर?” आप्पांनी विचारलं.

“तुम्हाला कधी कळलं? तितक्याच उशिरा ह्यांना कळलं असतं.”

मी आप्पांकडे बघायला धजत नव्हते. मला वाटलं होतं, हे दुसरं ओझं त्यांच्याच्यानं उचलणार नाही. त्यांनी हात पुढं करून चाचपडत बाईंच्या टेबलाची कड शोधली, तिला धरून उठून उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले.

“मग उशीर नाही झाला, बाई,” ते म्हणाले.

ऑपरेशननंतर आप्पांचा उजवा डोळा त्यांना शेवटपर्यंत पुरला. दवाखाना चालू राहिला. सोपानराव दुसऱ्याच आठवड्यात येऊन बाकावर बसले, मुद्दाम उजवीकडे ओढून घेतलेल्या बाकावर, आणि चार लोकांत म्हणाले, “माझं एवढं पोट दिसेना तेव्हाच वळखायला पाहिजे होतं मी.” पुढं कुणाच्याही घरातलं माणूस मोतीबिंदू पिकायची वाट बघतंय असं कळलं की आप्पा गोळी द्यायच्या आधी त्याला मिरजेला पिटाळायचे. हे आता ऐंशीच्या पुढं गेलेत. रोज सकाळी पेपर वाचून सरकारच्या चुका काढतात, आणि मीनू, तीही दरवर्षी जाऊन त्या यंत्राखाली डोळा धरून येते. पण हे सगळं पुढचं.

त्या दिवशी संध्याकाळी परतीच्या गाडीत बसलो तेव्हा पुढचं काहीच माहीत नव्हतं. हातात दोन सारख्या बाटल्या होत्या, एक बापाची, एक मुलाची. हे आप्पांच्या डावीकडे खिडकीशी जाऊन बसले आणि बाहेर तोंड करून राहिले.

“मुरली,” आप्पा म्हणाले, “इकडे ये. या बाजूला बस.”

“असू दे. इथं वारा येतोय.”

“वारा राहू दे. तिथं बसलास की मला दिसत नाहीस तू.”

हे उठले. गाडीच्या हिसक्यानं एकदा माझा खांदा धरला, आप्पांचे गुडघे ओलांडले आणि त्यांच्या उजव्या हाताला येऊन बसले. आप्पांनी मान वळवली आणि गाडी कुर्डुवाडीकडे चालत राहिली तोवर ते लेकाकडे बघत बसले, पोटभर.